जर्मनी, रोमेनिया आणि आमची लेक

माझ्या मुलीचं मेलचं खातं जर्मनीतून कोणीतरी उघडायचा प्रयत्न करतंय, अशी सूचना माझ्या फोनवर आली तेव्हा मी गिरगावात छापखान्याच्या वरच्या मजल्यावर एका पाककृतींच्या पुस्तकाची प्रुफं तपासत होते. लाडवांचं प्रकरण चाललं होतं. फोन थरथरला म्हणून सहज पाहिलं, आणि पुन्हा पाहिलं. मुलगी शाळेत असताना ते खातं आम्ही दोघींनी मिळून उघडलं होतं. काही गडबड झाली तर कळवायला म्हणून त्यात माझा पत्ता दिलेला होता, तो तिने कधी बदलला नाही. आता सूचनेखाली दोन बटणं होती. "हो, मीच आहे" आणि "नाही, हा मी नाही."

माझी लेक जर्मनीत नव्हती.

ती कुठे होती ते मी इथे लिहीत नाही. तिला मदत करणारी माणसं अजून तिथेच राहतात. समुद्राच्या पाण्यातलं मीठ काढून ते पिण्याजोगं करायचा एक मोठा कारखाना तिथे उभा राहतोय, त्यावर ती इंजिनिअर म्हणून गेली होती. वर्ष बरं गेलं. मग त्या शहरातले लोक रस्त्यावर आले. का आले ते मला टीव्हीवरून नीट कळलं नाही. सरकारने आधी इंटरनेट पूर्ण बंद केलं, नंतर अर्धंमुर्धं चालू केलं, पण निरोप पाठवायची सगळी ॲप, व्हिडिओ, बाहेरच्या देशांतले मेल, सगळ्याला कुलूप. फोन लावला की रिंग वाजायचीच नाही. एक बाई तिथल्या भाषेत शांतपणे काहीतरी सांगायची आणि फोन कटायचा. शेवटी शेवटी ते वाक्य मला पाठ झालं होतं, अर्थ न कळताच.

कंपनीचं मुंबईतलं ऑफिस परळला आहे. तिथे मी दोनदा जाऊन आले. रिसेप्शनवरची मुलगी पाणी द्यायची, मग एक गृहस्थ येऊन म्हणायचे, "मॅडम, आपले सगळे लोक सेफ आहेत, आम्ही कॉन्टॅक्टमध्ये आहोत."

"मग माझं तिच्याशी बोलणं करून द्या ना. एक मिनिट."

"तसं नाही करता येत, मॅडम."

दुसऱ्या खेपेला मी त्यांना विचारलं, "तुम्ही स्वतः तिच्याशी बोललात का?" ते म्हणाले, "मी नाही, पण साइटवरून रिपोर्ट येतो." त्यांचाही नाइलाज होता बहुतेक.

तर जर्मनीची ती सूचना आली ती अशा आठवड्यात. मी आधी नवऱ्याला फोन केला. ते विमा कचेरीतून निवृत्त झालेत आणि त्या दिवसांत लालबागच्या आमच्या घरी दिवसभर बातम्या लावून बसायचे. एरवी ते माझ्याशी साधं मराठी बोलतात, घाबरले की मालवणी, मग लेकीचं 'चेडू' होतं.

"आधी 'नाय' दाब!" ते ओरडले. "कोणीतरी चेडवाचो फोन चोरल्यान! दाब आधी!"

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. फोन चोरीला गेला असेल तर मुलगी कुठे आहे, हा विचार आम्हा दोघांच्याही मनात एकदमच आला असणार. मी फोन ठेवला आणि बटणावर बोट नेलं. तेवढ्यात दुसरी सूचना आली. आता रोमेनिया.

बोट तिथेच राहिलं. प्रुफांवर पेपरवेट ठेवला, चपला घातल्या आणि जिना उतरले.

छापखान्यापासून चार पावलांवरच्या वाडीत माझी शाळेपासूनची मैत्रीण राहते. तिचं घराणं मूळ मुंबईचं, ईस्ट इंडियन कॅथलिक. आम्ही दोघी एका बाकावर बसून मॅट्रिक झालो. पुढे मी मराठीच्या वाटेने गेले, ती कॉम्प्युटरच्या. आता ती एका कॉलेजातलं नेटवर्क सांभाळते. डिसेंबर होता, नाताळ जवळ आला होता, ती रजेवर होती. दार उघडलं तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत मैद्याने भरलेले. माझा चेहरा पाहून म्हणाली, "काय झालं गो?"

मी फोन पुढे केला. तिने हात धुतले नाहीत, नुसती मान वाकवून वाचलं. मग म्हणाली, "खाली कर. अजून खाली. थांब." आणि मग, "पासवर्ड बरोबर टाकलाय यांनी. वाच. पासवर्ड बरोबर, पण अनोळखी जागा म्हणून कोड मागितलाय."

"म्हणजे चोराकडे पासवर्ड पण आहे!"

"बस आधी." तिने पायाने स्टूल ढकललं. "मला सांग, कुठला चोर अर्ध्या तासात जर्मनीतून रोमेनियाला जातो?"

ती माझ्यासमोर पाटावर बसली आणि तिने सांगायला सुरुवात केली. एक ब्राउझर असतो, म्हणाली, आपला नेहमीचा असतो तसाच दिसायला, पण तो थेट कुठेच जात नाही. तिच्या पुढ्यात करंज्यांसाठी लाटलेल्या पाऱ्या होत्या. त्यातली एक तिने उचलली, तिच्यात सारण घालून दुमडली, ती दुसऱ्या पारीत गुंडाळली, आणि तीही तिसऱ्या पारीत.

"समज ही तुझ्या मुलीची चिठ्ठी. पहिला माणूस वरची पारी काढतो. त्याला एवढंच कळतं की ही मला अमक्याने दिली आणि पुढे तमक्याला द्यायची. आत काय आहे ते त्याला दिसत नाही. दुसरा त्याची पारी काढतो. त्याला तर पहिल्याने कोणाकडून घेतली ते पण ठाऊक नाही. तिसरा शेवटची काढतो आणि जिथे द्यायची तिथे देतो. घेणाऱ्याला वाटतं चिठ्ठी तिसऱ्याच्याच घरून आली. हा तिसरा जर्मनीत असला तर जर्मनी. जरा वेळाने वाट बदलली, तिसरा रोमेनियात, तर रोमेनिया. मुलगी आहे तिथेच आहे, जागची हललेली नाही."

"पण तिथलं सरकार तर सगळं अडवतंय."

"म्हणून तर अशी वाट. तिथल्यांना एवढंच दिसतं की ही कोणाशी तरी बोलतेय. कोणाशी, काय, ते नाही." तिने ती तिहेरी करंजी मोडून पीठ परत गोळ्यात मिसळलं. "अगं, चोर नाही हा. ती आहे. तीच दार वाजवतेय."

मी रडले नाही. मला फार तहान लागली. पाणी प्यायले, आणखी प्यायले.

"मग मी 'हो' दाबू?"

"दाबून फायदा नाही. कोड जाणार तिच्या इथल्या मोबाइल नंबरवर, तो मेसेज तिथे पोचतच नसेल. पण 'नाही' दाबलंस तर खातं बंद पडेल आणि तिची तेवढी पण सोय जाईल. काहीच दाबू नको." मग ती पुढे म्हणाली, "हे बघ, मी शंभर टक्के सांगत नाहीये. मला तसं वाटतंय. दुसरं काही पण असू शकतं."

ती कधीच खोटा धीर देत नाही, म्हणूनच मी तिच्याकडे गेले होते. आम्ही बसलेल्या असतानाच तिसरी सूचना आली. नेदरलँड. तिघांतला शेवटचा माणूस आता तिथे होता. मघाशी ज्या शब्दांनी मी घाबरले होते, तेच शब्द मी आता पुन्हा पुन्हा वाचत होते. कोणीतरी प्रयत्न करतंय. बरोबर पासवर्ड टाकून, पुन्हा पुन्हा, कंटाळा न करता. माझ्या लेकीचा स्वभाव असाच आहे.

त्यानंतर सूचना यायच्या थांबल्या.

तो पुढचा एक दिवस सगळ्यात वाईट गेला. घरी मी नवऱ्याला जर्मनीचा उलगडा करून सांगितला. त्यांनी मान डोलावली, पण पटलं नव्हतं. "आणि समजा तीच होती," ते म्हणाले, "तर मग थांबली का?" मी कामावर गेलेच नाही. खाली मसाल्याच्या दुकानातून धणे आणले, निवडले, आणि निवडलेले पुन्हा निवडले.

दुपारी मेल आला. पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणजे नुसती अक्षरं आणि आकडे, वाचताच येऊ नये असा. मजकूर मराठीत होता.

"आई, मी बरी आहे. आम्ही सगळे कंपनीच्या कॉलनीत आहोत, बाहेर पडायचं नाही असं सांगितलंय. खायला आहे, पाणी तर आपणच बनवतो. माझा नेहमीचा मेल उघडत नाहीये, कोड मागतो आणी कोड माझ्या फोनवर येत नाही. म्हणून हा नवा पत्ता काढलाय. इथल्या एका मैत्रिणीने पेन ड्राइव्हवर सॉफ्टवेअर दिलं. खूप हळू चालतं. बाबांना सांग बातम्या बघू नका."

मी नवऱ्याला हाक मारली. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि फोन माझ्या हातातून काढून टेबलावर पालथा ठेवला.

"उत्तर देऊ नको."

"अहो!"

"देऊ नको सांगतो. अशीच सुरुवात करतात. पत्ता बघितलास? हा काय माणसाचा पत्ता आहे?"

त्यांच्या कचेरीतल्या एका जुन्या सहकाऱ्याला मुलाच्या आवाजात फोन करून कोणीतरी चांगलंच फसवलं होतं. तेव्हापासून हे अनोळखी नंबरवरून कोणी नमस्कार म्हटलं तरी फोन ठेवून देतात. पण मी तो मेल पाहिला होता, आणि मला त्यात एक गोष्ट दिसली होती.

"'आणि' बघा तिने कसं लिहिलंय. दीर्घ."

तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या ऱ्हस्वदीर्घावर पोट भरलंय. माझ्या पोटच्या पोरीने मात्र पहिलीपासून आजवर 'आणी' असंच लिहिलं. किती निबंधांत तो णी मी लाल केला असेल. तिला म्हणायचे, "अगं, आई प्रुफरीडर आहे तुझी, लोक हसतील." ती म्हणायची, "म्हणूनच. घरात तुला काम नको का?"

नवऱ्याने फोन सुलटा करून पुन्हा वाचलं. मग म्हणाला, "आणी तर मीय तसाच लिवतंय."

खरं होतं. अर्धा महाराष्ट्र तसंच लिहितो.

मैत्रिणीला फोन केला. ती संध्याकाळी लालबागला आली, येताना डब्यात करंज्या घेऊन. मेल वाचून तिचा चेहरा उजळला, पण ती म्हणाली, "भावोजींचं बरोबर आहे. या वाटेने आलेल्या माणसाचा ठावठिकाणा पुसला जातो, म्हणजे कोण आलं ते पण कळत नाही. हे सॉफ्टवेअर लपवून आणतं, ओळख पटवून देत नाही. ती आपण पटवायची. काहीतरी विचारा."

"वाढदिवस? शाळेचं नाव?"

"नको. समजा फोन खरंच कोणाच्या हातात असला, तर त्यात काय काय असेल? फोटो, जुने मेसेज, तिची कागदपत्रं. जे फोनमध्ये कधी गेलंच नाही असं काहीतरी विचार."

हे वाटतं तितकं सोपं नव्हतं. आम्ही दोघं बसून आठवायला लागलो आणि लक्षात आलं, तिचं सगळं आयुष्य कुठे ना कुठे फोटोत आहेच. सहली, बक्षिसं, कोकणातलं लग्न, हाताला प्लास्टर घातलेलं. मी एकेक सांगत होते आणि मैत्रीण विचारत होती, "याचा फोटो आहे?" आणि होता.

नवरा चष्मा पुसत होता. मग खाकरून म्हणाला, "माका एक इचारूचा आसा. पण तू बघू नको काय लिवतंय ता."

"म्हणजे?"

"नको बघू म्हटलं ना."

त्यांनी फोन घेतला आणि खिडकीपाशी जाऊन एका बोटाने टाइप करू लागले. मैत्रीण माझ्याकडे बघून हसली. त्यांनी काय विचारलं ते त्या संध्याकाळी मला कळलं नाही. मैत्रीण गेली, आम्ही जेवलो, म्हणजे ताटावर बसून उठलो.

उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. चहा उकळत होता, मी गाळणं घेऊन उभी होते. फोन नवऱ्याच्या हातात होता. त्यांनी वाचलं आणि खाली बसले, खुर्ची मागे होती म्हणून बरं. मी गाळणं टाकून धावले. त्यांनी फोन माझ्याकडे दिला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

वर त्यांचा प्रश्न होता. आईचा रेडिओ कशाने बंद पडला.

खाली उत्तर. "बाबा, हे लेखी मागताय? आई वाचेल ना. ठीक आहे. रेडिओ लाइट जाऊन आल्यामुळे जळला नाही. त्यात झुरळं झाली होती म्हणून गणपतीच्या साफसफाईत तुम्ही तो आतून धुतलात. साबणाच्या पाण्याने. टूथब्रशने. मी वरून पाणी ओतत होते. मग गॅलरीत उन्हात ठेवला आणी लावल्यावर धूर आला. आई, सॉरी. मी आठ वर्षांची होते. बाबा आठ वर्षांचे नव्हते."

तो रेडिओ माझा फार लाडका होता. प्रुफं बघताना मंद लावून ठेवायची सवय होती मला. तो गेला तेव्हा मी विजेच्या लोकांना चार दिवस शिव्या दिल्या होत्या. आणि हे दोघं तेव्हा माझ्यासमोर जेवायला बसले होते, गंभीर चेहरे करून!

मी हसायला लागले. हसता हसता जमिनीवर बसले. नवरा हातांच्या आडून "चेडू बरां आसा, चेडू बरां आसा" एवढंच म्हणत होता, आणि मी त्यांच्या गुडघ्याला धरून हसत होते, आणि मग आम्ही दोघंही हसत नव्हतो. चहा उतू गेला होता. गॅसही विझला होता. मी उठून बटण फिरवलं, खिडकी उघडली आणि तिथेच उभी राहिले. खाली रस्त्यावर टेम्पोवाला कोणाशी तरी भांडत होता, ते भांडणसुद्धा मी मन लावून ऐकलं.

त्यानंतर ती दर दोनतीन दिवसांनी लिहायची. चार ओळी, कधी दोनच. रस्ते आता शांत आहेत. कालवणात मीठ जास्त पडलं. एकदा तिने लिहिलं की आज वाट मिळायला फार वेळ लागला, पण शेवटी कोणाच्या तरी कॉम्प्युटरमधून मिळाली. हे मला कळलं नाही, म्हणून मैत्रिणीला विचारलं.

ती म्हणाली, त्या पाऱ्या काढणाऱ्यांच्या जाळ्याच्या तोंडाशी जे दरवाजे असतात ते तिथलं सरकार शोधून शोधून बंद करतं. मग जगभरातली साधी माणसं स्वतःच्या ब्राउझरमध्ये एक छोटीशी गोष्ट बसवून ठेवतात, आणि ब्राउझर उघडा असेपर्यंत त्यांचा कॉम्प्युटर हा एक दरवाजा होतो. आज हा, उद्या दुसरा. इतके की बंद तरी किती करणार.

"म्हणजे कोणाच्या तरी घरातून तिचं पत्र आपल्याला येत होतं?"

"घरातून, ऑफिसातून, कुठून पण. त्यांना पण माहीत नाही कोणाचं पत्र."

"मग त्यांचे आभार कसे मानायचे?"

"तशी सोयच नाहीये त्यात," ती म्हणाली.

हे ऐकून मला चुटपुट लागली. आपल्या मुलीला कोणी रस्ता ओलांडून दिला तर आपण त्याला घरी बोलावतो, निदान पाणी तरी विचारतो. इथे चेहरा नाही, गाव नाही. कोण असेल? एखादी म्हातारी असेल, स्वतःच्या कॉम्प्युटरवर पत्ते खेळत बसलेली. मी असा विचार करत बसायचे.

महिन्याभराने कंपनीने त्या सगळ्यांना रजेवर पाठवलं. लेक घरी आली ती इतकी दमलेली की आंघोळ करून जी झोपली ती दुसऱ्या दुपारी उठली. नवरा मधूनमधून दाराशी जाऊन बघून यायचा. उठल्यावर तिने बापाकडे बोट दाखवून मला विचारलं, "यांना काय शिक्षा दिलीस?" मी म्हटलं, "अजून ठरवतेय." शनिवारी आम्ही तिघं दादरला गेलो आणि त्यांच्याकडून नवा रेडिओ वसूल केला. तिच्या पेन ड्राइव्हवाल्या मैत्रिणीबद्दल मी बरंच विचारलं. ती तिथल्याच प्रयोगशाळेत पाणी तपासते. ती बरी आहे, पण तिला कुठे रजेवर जायचं नाही, तिचं घरच तिथे आहे. हे सांगताना लेक माझ्याकडे बघत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी तिला म्हटलं, "ते दरवाज्याचं जे काय असतं, ते माझ्या कॉम्प्युटरवर बसवून दे."

नवऱ्याने आधी कुरकुर केली. पोलीस दारात आले तर काय करायचं? लेकीने समजावलं की आपण फक्त मधल्यामधे एका हातातून दुसऱ्या हातात देतो. पत्र जिथे जायचं तिथे आपल्या घरून पडत नाही, ते पुढचे लोक टाकतात. ते पुटपुटत राहिले, पण उठून कॉम्प्युटरवरची धूळ त्यांनीच पुसली.

आता माझ्या कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात एक बारीकसं चिन्ह असतं. एरवी ते फिकं दिसतं. कोणी आपल्या दारातून जात असेल तर त्याचा रंग बदलतो. कोण, कुठून, काय, काही समजत नाही. घरी आणलेली प्रुफं मी तपासत असते आणि मधेच नजर तिकडे जाते. पूर्वी काम संपलं की मी लगेच मशीन बंद करायचे, विजेचं बिल वाचवायला आम्हाला शिकवलेलं आहे. आता जरा रेंगाळते.

लेक पुन्हा तिकडे गेली आहे. तिथे आता फोन लागतो, ती रविवारी बोलते. नवरा टीव्ही कमी बघतो. दुपारी पानं वाढली की मला बोलवायला येतो आणि दारातूनच विचारतो, "आज कोण इलो काय?"

काल रंग बदललेला होता. मी म्हटलं, "आलंय कोणीतरी."

"मग बंद करू नको," ते म्हणाले. "रवूं दे चालू. जेवूक चल."